दारावरचा शब्द

अहो, उद्या भाऊसाहेब गाडी न्यायला येणार आहेत. कालच त्यांचा माणूस निरोप घेऊन भोरला आला होता. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, वहिनींनी कसलीच घाई करू नये, फक्त डाव्या दारावरचं गेलेलं अक्षर तेवढं रंगाऱ्याकडून पुन्हा काढून ठेवावं, म्हणजे गाडी होती तशी होईल. होती तशी! मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग त्या माणसाला चहा ठेवला.

तुमचं तेरावं माहेरी उरकून मी परत आले. आता घरात मी आहे, चूल आहे, आणि मागच्या छपरात ती आहे. तिला गाडी म्हणायचं की सवत, हे आपलं शेवटपर्यंत ठरलं नाही. रंगाऱ्याला बोलवायचं की नाही, एवढंच मला आज ठरवायचंय. तुम्ही असता तर भांडून ठरवलं असतं. तुम्ही एक बोलला असता, मी चार बोलले असते आणि भाकरी होईस्तोवर निकाल लागला असता. एकटीनं भांडता येत नाही हो. सकाळी एकदा सुरुवात करून बघितली, पण समोरून कोणी काही बोलतच नाही.

लोक मला अजून विचारतात, तुमचे मालक नेमकं करायचे काय? टांगेवाल्याचा मुलगा मोटार हाकायला शिकला, इथपर्यंत त्यांना कळतं. पुढचं सांगितलं की संशयानं बघतात. पोलिसांच्या बाद झालेल्या मोटारी लिलावात घ्यायच्या आणि शौकिनांना विकायच्या, हा काय धंदा झाला? मला तरी कुठं आधी कळला होता? पहिली मोटार तुम्ही पुण्याच्या लिलावातून आणलीत ती भाताची पोती वाहायला. टप फाटलेला, मडगार्ड चेपलेलं, मागच्या बाकाखाली कैद्याची बेडी अडकवायची लोखंडी कडी. तुम्ही ती कडी कापायला बसलात आणि तेवढ्यात हे भाऊसाहेब आपल्या दारात उभे. पुण्याचे गृहस्थ, भोरला कुणाच्याशा लग्नाला आलेले. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला निघाले होते म्हणे. लग्न राहिलं बाजूला, गाडीभोवती देवळात फिरावं तसे फिरले. म्हणाले, कडी कापू नका, रंग देऊ नका, आहे तशी मला द्या. त्या दिवशी तुम्हाला उमगलं, की नव्या मोटारीची हौस पुष्कळांना असते, पण चोरामागं धावून धावून म्हातारी झालेल्या मोटारीवर जीव टाकणारी माणसंही असतात.

अशी माणसं मग तुम्हाला सापडत गेली. वाईकडचे एक इनामदार, एक नाटक कंपनीचे मालक, एक पेन्शनीत निघालेले फौजदार. ते फौजदार आठवतात? आपल्या नोकरीतली मोटार त्यांनी भोंग्याच्या आवाजावरून ओळखली. मोटारीच्या पायरीवर चढून उभे राहिले ते खाली उतरेचनात. मी त्यांना चहा तिथंच पायरीवर नेऊन दिला. कपबशी हातात धरून ते पुढं बघत उभे होते, जशी गाडी चाललीच आहे. तुम्ही मला खुणेनं सांगितलंत, काही बोलू नको. त्यांचं होईपर्यंत आपण दोघं परड्यात गुपचूप उभे होतो. तुमच्यातलं हे मला फार आवडायचं. तोंडावर कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसला असता.

खोडी काय कमी होत्या? गिऱ्हाईक आलं की तुम्ही मागच्या बाकावर हात आपटून सांगायचा, ह्याच बाकावर बसवून त्या नामांकित दरोडेखोराला आणला होता. एकाच दरोडेखोराला तुम्ही तीन मोटारींत बसवलंत. तिसरं गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, तो बिचारा एकदाच सापडला होता ना? तर मिशीत हसून म्हणालात, मधे पळाला असेल. पण व्यवहाराचं बोलणं आलं की हाच माणूस निराळा. तोंडी सांगितलं ते सांगितलं. गोष्ट ती गोष्ट आणि शब्द तो शब्द, असं म्हणायचात. सगळा धंदा तोंडावर चालला आणि तुमचा शब्द कधी खाली पडला नाही. म्हणून तर आज माझा जीव असा टांगणीला लागलाय.

लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. आमच्या वेल्ह्यात तेव्हा पोरीला शाळेत कोण घालत होतं? तुम्ही दुपारी मोटार धुवायला काढायचात आणि मी विहिरीचं पाणी द्यायची. निळ्या दारावर पांढऱ्या रंगात काहीतरी ठळक लिहिलेलं असायचं. एकदा विचारलं, हे काय आहे? तुम्ही माझं बोट धरलंत. भर दुपारी, उघड्या परड्यात, शेजारची काकू पापड वाळत घालत असताना! आणि अक्षरांवरून फिरवत म्हणालात, "ह्यो पो. ह्यो ली. आन् ह्यो स." मी लाजून मेले, पण अक्षरं डोक्यात बसली. बाकीच्यांची पोरं ग म भ न शिकतात, मी पो ली स शिकले. मग तेलाच्या डब्यावरची, दुकानाच्या पाटीवरची, साबणाच्या वडीवरची, मिळतील ती अक्षरं तुम्ही मला वाचायला लावलीत. लिहायला लागले तेव्हा बोलते तसंच लिहायची. तर तुम्ही म्हणायचात, बोलायचं वेल्ह्याचं, लिहायचं भोरचं. बघा, लिहितेय ना भोरचं?

आपल्याला मूल झालं नाही. त्यावर तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही नाही. ते बोलायचं राहूनच गेलं. मोटारी यायच्या आणि जायच्या. एखादी विकली गेली की तुम्ही दोन दिवस छपराकडं फिरकायचा नाहीत, आणि मी विचारायची नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. तुमच्यापाशी बसून त्या रिकाम्या छपराकडं बघायला तरी हवं होतं.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते लढाईच्या दिवसांत. धान्याची लेव्ही लागली होती. ठरलेलं भात सरकारात घालायचं, आणि नाही घातलं तर पोलीस येऊन कणग्या उघडायचे. अशात तुम्हाला हुक्की आली. म्हणालात, चल, तुला मोटारीतून माहेरी नेतो, वेल्ह्याची लेक मोटारीतून आलेली बघू दे लोकांना. मी हिरवं लुगडं नेसले, नथ घातली. नसरापूर मागं पडलं, पुढं विंझर आलं. वळणावरून दिसायचं, खळ्यावर माणसं भात झोडताहेत. जवळ जावं तर खळं रिकामं. सूप तिथंच, पाटी तिथंच, माणूस नाही. तुम्ही म्हणालात, जेवायला गेली असतील.

वेल्ह्याच्या आळीत शिरलो तर दारं लागत गेली. आमच्या घराचंही लागलं. मी बाहेर उभी राहून हाका मारतेय, आई, मी हाय गं, मी हाय. आतून कडी निघेना. शेवटी फटीतून एक डोळा दिसला. दार उघडून आई म्हणाली, "तू हायेस व्हय? म्या म्हनलं लेव्हीवालं आलं." दादा मागच्या दारानं डोंगरात पळाला होता, तो दिवे लागल्यावर खाली आला. मग सगळे हसले. सगळ्यांत जास्त तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. लेक नथ घालून दारात उभी आणि आईनं आतून कडी लावलेली. ते मला लागलं, अजून लागतं.

परत येताना मी तुम्हाला म्हटलं, पुढची मोटार आणाल ती दारं खरवडून रस्त्यावर काढा. तुम्ही म्हणालात, शब्द गेला की तिच्यात आणि कुणाच्याही मोटारीत फरक काय राहिला? शौकीन तो शब्द बघूनच येतो. आणि लोकांचं म्हणशील तर इथं अक्षर ओळखणारा माणूस नाही. शब्द असला काय, नसला काय, त्यांना कुठं वाचता येतंय?

"वाचता येत न्हाई," मी म्हटलं, "पर वळखता येतंय."

जिंकले असं वाटून मी पुढं बघायला लागले, तर पुलाजवळ आल्यावर हळूच म्हणालात, "ह्याच शब्दावर तू वाचाया शिकलीस, आन् आता त्यालाच पुसाया निघालीस." माझं म्हणणं खरं होतं आणि तुमचं म्हणणंही खोटं नव्हतं, म्हणून तर ते भांडण मिटलं नाही. दर नव्या मोटारीगणिक ते नव्यानं निघायचं. लढाई संपली, तरी लेव्ही संपली नाही आणि आपलं भांडणही.

आणि मग ही आली. खोटं कशाला बोलू, इतकी देखणी मोटार तुम्ही कधी आणली नव्हती. निळा रंग जसाच्या तसा, भोंगा पितळी, आणि दोन्ही दारांवरचा शब्द कालच रंगवल्यासारखा. भाऊसाहेब बघायला आले आणि खुळावले. त्यांना लगेच न्यायची नव्हती, मुंबईला काही काम होतं. जाताना एकच म्हणाले, काही करा, पण दारांना हात लावू नका. तुम्ही म्हणालात, "शब्द आहे तसा राहील, हा माझा शब्द." आणि माझ्याकडं बघितलंत. मी दारात उभी होते. मी काय समजायचं ते समजले.

मार्गशीर्षात आईला बरं नाही म्हणून निरोप आला. तुम्ही गाडी बाहेर काढलीत. मी नसरापूरकडं जाणारी बैलगाडी बघितली आणि बोचकं घेऊन तिच्यात बसले. तुम्ही दारातून विचारलंत, न्यायला कधी येऊ? मी म्हटलं, दारावरचा शब्द जाईल तेव्हा. त्याशिवाय मी त्या मोटारीत बसायची नाही, माझ्या आईच्या दारात ती मला न्यायची नाही. तुम्ही हसलात, मीही हसले. आपण हसत हसत भांडत होतो, हे बरं झालं. ती आपली शेवटची भेट होती.

आईला चार दिवसांत बरं वाटलं. मी मात्र हटून राहिले, आणि तुम्हीही काही कमी नाही. वेल्ह्याच्या बाजाराला येणारा तो तेली आपला टपालवाला झाला. तो सांगायचा, तिकडून निरोप आहे, भाकरी करपतेय. मी सांगायची, विचारा, अक्षर गेलं का? पुढच्या बाजाराला तो यायचा आणि अगदी गंभीरपणे सांगायचा, ते म्हणाले, अक्षर जागेवर हाय. बिचाऱ्याला वाटायचं, अक्षर म्हणून कुणी आजारी नातलग आहे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, वहिनी, औषधपाणी बघा, असं अडवून ठेवू नका. मी आणि आई पोट धरधरून हसलो. त्या दिवशीच मी ठरवलं होतं, आता पुढच्या बाजाराला बैलगाडीनं घरी जायचं. अक्षर राहिलं तर राहिलं, जाऊन समोरासमोर भांडू. पण पुढचा बाजार यायच्या आधी तुम्ही आलात.

तुम्ही आलात ते बैलगाडीतून. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. विंझरची माणसं गाडीबरोबर चालत होती. दादा पुढं धावला आणि मला म्हणाला, तू आत जा. मी आत गेले नाही. तुमच्या अंगावर कुणाची तरी घोंगडी टाकलेली होती. छातीत कळ आली असावी, असं सगळे म्हणाले. पोलिसाची निळी मोटार चढाच्या खाली जांभळीखाली उभी आहे, असंही म्हणाले. आणि खरं सांगते, तुमच्या पायांशी पडून रडत असताना माझ्या मनात राग होता. एवढं सांगून, एवढं विनवून शेवटी शब्दासकटच आलात! तुम्हाला आंघोळ घालताना दादा म्हणाला, नखांत चुना हाय. पान खायचात तुम्ही, कुणाला त्यात काही वाटलं नाही. मलाही नाही.

दहावं झाल्यावर विंझरहून एक बाई आली. भागूबाई तिचं नाव, आईच्या वयाची. अंगणात उभी राहिली, आत येईना. पदर तोंडात धरून बोलायला लागली. म्हणाली, आम्ही खळ्यावर होतो. निळी मोटार दिसली तसं सगळं टाकून वर करवंदीच्या जाळीत गेलो. मोटार खाली जांभळीपाशी थांबली. एक माणूस उतरला, मागून काहीतरी हत्यार काढलं आणि दारापाशी उकिडवा बसून दार खरवडायला लागला. आम्हाला वाटलं, पोलिसाची गाडी बिघडली, दुरुस्त करतोय, होईल आणि जाईल. मग तो उठला, छातीला हात लावला, दाराला धरून धरून आत जाऊन बसला. आणि भोंगा वाजायला लागला.

"भोंगा वाजला तसं आमी आनिक वर सरकलो," भागूबाई म्हणाली. "लई येळ वाजत व्हता. मंग र्‍हायला. ऊन उतरल्यावर म्या एकली खाली आले. बघते तर वेल्ह्याचं जावई. बाई, आमी आमच्या जावयाला पानी न्हाई पाजलं."

हेच एक वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिच्यावर कशी रागावणार? माझ्या सख्ख्या आईनं मला बघून कडी लावली होती. आई उठली, तिला हाताला धरून आत घेऊन आली आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. तिनं तो नुसता धरून ठेवला. मी तिला एवढंच विचारलं, कुठल्या दारापाशी बसले होते? तिनं हात करून दाखवलं. डाव्या.

तेरावं झाल्यावर दादानं बैलगाडी जुंपून मला भोरला सोडायला काढलं. मोटार ओढून न्यायला बैलांची आणखी एक जोडी मागून येत होती. विंझरच्या चढाशी मी उतरले. पाचोळा पडून मोटारीचा टप भरला होता. उजवीकडून बघितलं, शब्द जागच्या जागी. मग पलीकडं गेले. मी बसायची ती बाजू. दारावर 'पो' नव्हता. काना गेला होता, मात्रा गेली होती, नुसता उघडा पत्रा चमकत होता. 'ली'च्या वेलांटीवर पहिला ओरखडा होता, तिथं थांबलं होतं. खाली गवतात तुमची रंग खरवडायची पत्री पडली होती. मग मला तुमची नखं आठवली. तो चुना नव्हता.

मी तिथं किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. दादा बैलांपाशी थांबून राहिला, त्याला काही कळलं नाही. त्याला अक्षर येत नाही. आणि मग माझ्या डोक्यात एकदम आलं. अहो, तुम्हीच तर सांगायचात, ह्या रस्त्याला अक्षर ओळखणारा माणूस नाही, शब्द असला काय, नसला काय. मग तो कोणासाठी खरवडायला बसला होतात? विंझरच्या माणसांना भीती वाटते ती निळ्या रंगाची, भोंग्याची. एक शब्द गेल्यानं त्यांच्यासाठी काही होणार नव्हतं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. त्या रस्त्याला तो शब्द वाचणारी एकच बाई होती, आणि तिला तुम्हीच वाचायला शिकवलं होतं. भाऊसाहेबांना दिलेला शब्द मोडायचा म्हणून भोरातून निघताना तुमचा हात धजला नसेल. नसरापूरलाही नसेल धजला. माहेर जवळ आलं तेव्हा गाडी थांबवलीत. मला सगळं दिसतं. स्वतःशी पुटपुटत बसला असाल, ही वेल्हेकरीण काही ऐकायची नाही.

भांडण मी जिंकले. काय करू ह्या जिंकण्याला? घरी येऊन सांगायला माणूस नाही, चिडवायला माणूस नाही. संध्याकाळी दोन भाकरी होतात आणि दुसरी थापल्यावर लक्षात येतं. शेजारची काकू विचारते, करमतं का? मी म्हणते, करमतं. दुसरं काय सांगणार? तुमच्या टोपीचा खिळा रिकामा ठेवायचा नाही म्हणून टोपी धुवायलाही काढली नाही. परवा रस्त्यावरून कुणाचा तरी भोंगा वाजला आणि मी पोळपाट टाकून दारापर्यंत धावले. मी लपले नाही, अहो. मी धावत बाहेर आले.

आता भाऊसाहेबांचं. माणूस वाईट नाही. तुमच्या बाराव्याला पुण्याहून मुद्दाम वेल्ह्यापर्यंत आले होते, कोपऱ्यात बसून डोळे पुसत होते. त्यांना काही ठाऊक नाही. येताना वाटेत जांभळीखाली गाडी बघितली, त्यांना वाटतं, अक्षर कुठं घासून गेलं असेल. रंगारी आपल्याच आळीत राहतो. त्याला बोलावलं तर घटकाभरात 'पो' जागेवर बसेल, अस्सल होता तसा. तुमचा शब्द पाळला जाईल. लोक म्हणतील, माणूस गेला पण बायकोनं त्याचं बोलणं खाली पडू दिलं नाही. कालपासून मी हेच घोळवतेय. तुम्ही आयुष्यभर शब्द सांभाळलात, तो माझ्या हातून शेवटी मोडू द्यायचा का?

आज दुपारी काम उरकून मी छपरात गेले. पत्री बरोबर नेली होती. म्हटलं, रंगाऱ्याला बोलवायच्या आधी एकदा तुमचं अर्धं राहिलेलं काम स्वतःच्या हातानं करून तरी बघावं. 'ली'वर पत्री धरली आणि जोर केला. रंग ढिम्म हलेना. आणखी जोर केला, तर मनगटात कळ आली आणि पापुद्रासुद्धा निघाला नाही. काय चिवट रंग आहे हो तो! आणि तुम्ही अख्खा 'पो' काढला होतात. काना, मात्रा, सगळं. छातीत कळ येईस्तोवर. मी पत्री खाली ठेवली आणि त्या उघड्या पत्र्यावर बोट ठेवलं. तेच बोट, जे तुम्ही धरून फिरवलं होतंत. अक्षर नव्हतं, पण जागा बोटाला कळत होती.

मग उरलेलं वाचलं, मोठ्यानं. 'लीस'. पुन्हा वाचलं. 'लीस' म्हणजे काय? काहीच नाही. असा शब्दच नाही आपल्यात. भागूबाईला हे कळणार नाही, दादाला कळणार नाही, पण मला वाचता येतं. एक अक्षर गेलं आणि शब्द गेला. मी म्हटलं होतं, शब्द जाईल तेव्हा बसेन. तो तुम्ही जांभळीखालीच घालवला होतात, आणि मी उगाच बाकीची अक्षरं धरून बसले होते.

उद्या भाऊसाहेबांना सांगणार आहे. अशीच हवी असेल तर कधीतरी न्या, पण अक्षर भरून मिळायचं नाही. आमच्या ह्यांनी जन्मात एकच शब्द मोडला, तो माझ्यासाठी मोडला. तो मी जोडून देणार नाही. त्यांना काय समजायचं ते समजू दे.

आता ऊन कलतंय. लिहिताना हात दुखतोय, मनगट सुजलंय थोडं. मी हे छपरातच लिहितेय. डावं दार उघडलं, पदरानं बाकावरची धूळ झटकली. तुमच्या बाजूची तशीच ठेवली, तुम्हाला स्वतःची जागा स्वतः पुसायची सवय.

बसले हो मी. हाका आता.